मागून घ्यायचा ओवा

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावातली माझी ती वर्षं आठवायला बसलं की आधी वास येतो. तापल्या तव्यावर ओवा टाकला की उठतो तो, नाकात झणझणून मग हळूहळू डोळ्यांवर उतरणारा. वासामागून दुपार येते, टिनाच्या छपराखालची, उठू न देणारी. आणि त्या दुपारी आमची घरमालकीण पाय पसरून अंगणात बसलेली दिसते, मांडीवर पितळी डबा, तोंड भिंतीकडे. भिंतीशी बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ही भिंतीचं ऐकत असे.

मी तिकडे गेले ती कॉलेजात ग्रंथपाल म्हणून. माझं माहेर पार दुसऱ्या टोकाला, साताऱ्याकडे. नेमणुकीचं कळल्यावर वडिलांनी भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवून वाशिम शोधलं होतं. ग्रंथालयात मुलं यायची ती बहुतेक पंख्याखाली बसायला, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण मीही तिथे अर्धवट झोपेतच असे. ही पोरगी जागेपणी फारसं काही करत नाही, असं आमच्या घरच्यांचं मत होतं आणि त्यात तथ्य आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे असं शिपायानं सांगितलं, म्हणून मी संध्याकाळी तिथे गेले. मालकीणबाईंनी गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, खोलीवर काय शिजवणार तेही नाही. दारातच उभं करून विचारलं, "सकायी पोट साफ होते का तुयं?"

मी हो म्हटलं. अनोळखी बाईला दुसरं काय सांगणार! तिनं माझ्या पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, जीभ काढायला लावली, "खोटं बोलून राह्यली" असं अगदी शांतपणे म्हणाली आणि किल्ली हातात दिली. पुढे मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला लोकांसमोर मॅडम म्हणायची आणि घरात पोरी.

मावशीच्या जगात माणसं पगारानं किंवा आडनावानं ओळखली जात नसत. कुणी जड कोठ्याचं, कुणी हलक्या कोठ्याचं, कुणी वाताचं, कुणी पित्ताचं. गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारा गृहस्थ तिच्या लेखी "पोटात गोया फिरते तो" होता. त्याचं खरं नाव तिला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. आमचे प्राचार्य, ज्यांच्यासमोर मी उभी राहताना पदर सावरायची, ते "बिचारं अपचन". मी "चिमणीचा कोठा". रस्त्यात कुणी भेटलं की ती जेवलास का असं विचारत नसे. "जिरलं का?" असं विचारायची, तेही बसस्टँडवर, चार लोकांत, खणखणीत आवाजात. आणि लोकही लाजत नसत. चालता चालता सांगून टाकत, जिरलं मावशी, नाही जिरलं मावशी, आणि पुढे जात. आधी मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर मात्र सुट्टीत साताऱ्याला गेले की तिथे कुणी असलं काही विचारत नाही, याचंच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

तिच्या मतांना अंत नव्हता. रागात जेवलेलं अन्न बरगडीत अडकतं. लग्नातल्या बुफेत उभ्यानं खाल्लेलं थेट गुडघ्यात जातं, म्हणून हल्ली तरण्या पोरांचे गुडघे दुखतात. मोबाईल बघत जेवणाऱ्याचं पोट विसरून जातं की आपल्यात काही पडलं आहे. मी एकदा पुस्तक वाचत जेवताना सापडले, तर तिनं पुस्तक उचलून कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाली, आधी एकाले जिरव, मंग दुसऱ्याले. हे सगळं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की हसू दाबता दाबता माझंच पोट दुखायचं, आणि मग तिच्यापुढे आणखीच पंचाईत.

पंचाईत अशासाठी की मावशीकडून औषध मिळवणं सोपं नव्हतं. ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. कॉलेजातल्या कुणाच्या तरी घरी जेवायला बोलावलं होतं. वांग्याची भाजी, वर बोटभर तेलाचा तवंग, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे तिखट खातात असा माझा समज होता, तो त्या ताटात बुडाला. दुपारी मी खोलीत आडवी झाले ती पोटाचा ढोल घेऊनच. मावशी दारात येऊन उभी राहिली, पाहून गेली. थोड्या वेळानं ओवा भाजल्याचा वास आला. ती डबा घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसली, चिमूटभर ओवा तळहातावर घेऊन चोळला, फुंकर मारून भुसकट उडवलं, त्यात काळं मीठ टाकलं. आता देईल, म्हणून मी हात पुढे करायच्या बेतात. ती काही देईना. माझ्याकडे बघत बसली, मग तो ओवा परत डब्यात टाकून उठून गेली. पुन्हा वास. पुन्हा उंबरा, पुन्हा तळहात, फुंकर, बघणं. मी गुंगीत होते; मला वाटलं हे मी स्वप्नातच बघतेय, आणि स्वप्नातली बाई काही आपल्याला ओवा देणार नाही. दिवेलागणीला अखेर कळ असह्य झाली आणि मी म्हटलं, "मावशी, काहीतरी द्या हो."

"हां," ती म्हणाली. "चाव. गिळू नोको."

वरून तिनं कढत पाणी पाजलं. मी जी झोपले ती सकाळी हलकी होऊन उठले. आभार मानायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. आभार मानायचे नाहीत. औषध तोंडानं मागायचं, मागितल्याशिवाय ती देणार नाही, आणि घेतल्यावर त्याविषयी काही बोलायचं नाही. न मागता दिलेलं औषध, तिचं म्हणणं, पोटात जाऊन परक्या माणसासारखं कोपऱ्यात बसून राहतं.

गल्लीतल्या लोकांना हे पाठ होतं. सकाळी दारात कुणी ना कुणी उभं असायचं. जळजळ होणाऱ्याला ती रात्री भिजवलेल्या धने-बडीशेपेचं पाणी द्यायची. ज्याला होत नाही त्याला भिजवलेले काळे मनुके, आणि फारच हट्टी असेल तर कोमट दुधातून एरंडेल, नाक धरून. हगवण लागलेल्याला भाताची पेज आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायला लावायची आणि वर दिवसभर पाळत ठेवायची. ताकात भाजलेलं जिरं आणि हिंग हे तर औषधातही धरत नसे. ते तिच्या मते माणसानं जन्मल्यापासून प्यायला हवं. पण रक्त दिसलं, ताप चढला, पोट लाकडासारखं लागलं की डबा बंद. तो सायकलवाला एकदा कुशीवर वाकत वाकत ओवा मागायला आला. तिनं त्याला ओट्यावर निजवून उजव्या बाजूला बोटं दाबली आणि एकदम सोडली. तो किंचाळला. मावशी तशीच रस्त्यावर गेली, वाशिमला निघालेली जीप हात करून थांबवली आणि दोघांच्या मदतीनं त्याला आत कोंबलं. तो बिचारा ओरडतोय, मी मागून राह्यलो ना मावशी, मागून राह्यलो. मागितलं तरी नाई देत, हे मायं काम नोहे, असं म्हणून तिनं दार लावून घेतलं. त्याच दिवशी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पुढे कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना सदरा वर करून टाके दाखवत असे.

एका दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर मावशी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून पेल्यात काहीतरी फसफसवत होती. मेडिकलमध्ये मिळतं ते पाकीट. मला बघून तिनं पेला पदराआड केला. मला हसू आवरेना. एवढा पितळी डबा असताना हे काय, मी विचारलं. तर ती चिडली नाही. म्हणाली, आपलंच औषध आपल्याले कसं मागता येते? मागाले दुसरं माणूस लागते. मी म्हटलं, मला मागा, मी देते. तिनं माझ्या हाताचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि सांगितलं की ह्या हाताले अजून गुण नाई. "एक हात व्हता तसा," असं म्हणून तिनं अंगणातल्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे लहानी राहायची. लहानी म्हणजे मावशीची पाठची सख्खी बहीण. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. म्हणजे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. भाऊ दोघेही आता नव्हते. घराच्या मधोमध भिंत घातलेली होती, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. लहानीचा मुलगा, जो आता पुण्यात कॉम्प्युटरवर काम करत होता, तो पाळण्यात होता तेव्हापासून बोलत नव्हत्या. नळाला पाणी आलं की आधी एक भरायची, ती आत गेल्यावर दुसरी यायची. भांडण असं कधी ऐकू आलं नाही. भांडायलाही बोलावं लागतं.

पण लहानीला ढेकरा यायच्या. मोठ्या, सावकाश, दुपारच्या शांततेत सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा. मावशी त्या ऐकत बसायची. डोळे मिटून, मान किंचित कलती करून. "हे वांग्याची," ती मला सांगायची. नाहीतर, "कालची शिळी पोळी खाल्ली आज." एकदा फार वेळ काहीच आलं नाही आणि मग एक कोरडी, तुटकी ढेकर आली. "रिकाम्या पोटाची हाये हे," मावशी म्हणाली. "पोराचा फोन आला नसन." मला आधी गंमत वाटायची. मग लक्षात आलं की पलीकडच्या बाईनं काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी जेवणाला हातच लावला नाही, हे सगळं हिला ठाऊक आहे, आणि इतकं तर मला माझ्या सख्ख्या भावाचंही ठाऊक नाही.

असं ऐकून झालं की ती शेगडी ओढत भिंतीपाशी न्यायची आणि तिथे ओवा भाजायची. वारा असेल नसेल, वास भिंतीवरून पलीकडे जायचा. मग ती डबा मांडीवर घेऊन बसायची. पलीकडे पावलं वाजायची, भिंतीपर्यंत यायची, थांबायची. मी खोलीच्या दारात उशीवर डोकं टेकून अर्धवट डोळ्यांनी हे पाहत असे. कडुनिंबाची सावली अंगणातून सरकायची, कुठेतरी लांब ट्रॅक्टर चाललेला असायचा, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन बायका नुसत्या थांबलेल्या. मला डुलकी लागायची. जागी व्हायचे तेव्हा पावलं आत गेलेली असायची आणि मावशी तव्यावरचा ओवा डब्यात भरत असायची.

तुम्हीच का देत नाही, असं मी एकदा विचारलंच. मावशी तेव्हा गल्लीतल्या एका तान्ह्या बाळासाठी सहाणेवर हिंग उगाळत होती, बेंबीभोवती लावायला. हात न थांबवता तिनं सांगितलं. लहानीचं पोर महिन्याभराचं होतं. संध्याकाळ झाली की पोटाला पाय घेऊन रडायचं, काही केल्या थांबायचं नाही. लहानी स्वतःच पोरसवदा, रडून रडून दमलेली, भिंतीला टेकून बसलेली. मावशीनं कुणाला न विचारता पोर उचललं, हिरडा आणि मुरडशेंग उगाळून बोटानं घुटी चाटवली. पोरानं ती ओकली आणि काळंनिळं होऊन रडायला लागलं. घर गोळा झालं. सासू, सासरे, दोघे भाऊ. त्या सगळ्यांसमोर लहानीनं पोर हिसकावून घेतलं.

"म्हणे, तुया पोटी पोर नाई, तुले काय कळते," मावशी म्हणाली. हिंगाचा हात थांबला होता. "खरंच बोलली. मले नव्हतंच पोर. पण लागलं ते लागलं. तवापासून मी कोणाले न मागता काई देत नाई."

म्हणजे ती सगळी नियमावली त्या एका वाक्यातून निघालेली होती. मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, की एखादं वाक्य पचलं नाही तर माणूस जन्मभर असा डबा घेऊन बसू शकतो. मी विचारलं, मग लहानीनं नाहीच मागितलं तर? मावशीनं वाटी उचलली आणि बाळाच्या घराकडे निघता निघता सांगितलं, "मागन एक दिस. तिचं पोट कच्चं हाये. किती दिस धरन?"

यानंतर ओव्याचा वास आला की मला झोप येईनाशी झाली.

शेलूबाजारला त्यांच्या नात्यातलं एक लग्न होतं, त्याला मावशी मला घेऊन गेली. तिला लग्नाचं काही नव्हतं. कोण काय खातो ते पाहून उद्या दारात कोण येणार याचा अंदाज घ्यायचा होता. नशीब म्हणा किंवा पंगत बसवणाऱ्या पोराची घाई म्हणा, मी मध्ये आले, एका बाजूला मावशी आणि दुसऱ्या बाजूला लहानी. लहानीला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तोंडवळा तोच, फक्त गाल भरलेले. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फिरायला लागली आणि लहानीनं पत्रावळ पुढे केली. माझ्या डाव्या कानाशी मावशी मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, वांगं दुसऱ्या खेपेले घेऊ नोको. वात धरते तुले."

मी वांगं पहिल्या खेपेलाही घेतलं नव्हतं. लहानीचा हात तसाच पुढे राहिला. वाढप्या पळीतलं सांडू नये म्हणून ताटकळला. मग लहानी समोर बघत म्हणाली, "घ्या तुमी वांगं, मॅडम. कोणाचं आयकू नोका." आणि तिनं वाढप्याला खूण करून ती पळी माझ्या पत्रावळीवर रिकामी करायला लावली. नंतर आणखी एक. त्या दोघी बहिणींचं वांगं त्या दिवशी मी एकटीनं खाल्लं. परतताना आम्ही तिघी एकाच जीपमध्ये, आणि सगळ्या ढेकरा माझ्या. पण एक गोष्ट मी पाहिली होती. लहानीनं स्वतः दुसऱ्यांदा वांगं घेतलं नाही.

मग एक दिवस लहानीचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. आईला कायमची न्यायला. पलीकडचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, रविवारी निघणार होते. मावशीला हे कुणी येऊन सांगितलं नाही. नळावर बायका बोलत होत्या त्यातून कळलं. नात्यानं तो हिचा पुतण्याही आणि भाचाही, पण दुपारी तो दारावरून गेला तेव्हा त्यानं फक्त मान हलवली, आणि मावशीनंही विचारलं नाही की जिरलं का.

त्या आठवड्यात भिंतीपलीकडच्या ढेकरा सगळ्या कोरड्या होत्या. लहानी जेवत नव्हती. मावशी सकाळपासून शेगडी घेऊन भिंतीशी बसू लागली. ओवा इतका भाजला की गल्लीत डोळे चुरचुरायला लागले आणि लोक विचारू लागले कुणाचं एवढं दुखतंय. पावलं भिंतीपर्यंत येत होती, जास्त वेळा येत होती, आणि परत जात होती. मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना. तर मावशी माझ्यावर पहिल्यांदाच खेकसली. मग मीही चिडले. म्हटलं, पुण्याहून काय मागणार आहेत त्या, भिंत इथे आहे आणि त्या तिथे जाऊन बसणार. तव्यावरचा ओवा जळला, तो तिनं तसाच जळू दिला.

शनिवारी तिनं आलं किसून, साखरेत आटवून वड्या पाडल्या. लहानीला गाडी लागते, हे कामात असताना तिच्या तोंडून निघून गेलं. लहानपणी जऊळक्याच्या रस्त्यावर बैलगाडीतसुद्धा ओकायची म्हणे, आणि ही तिला मांडीवर घेऊन आल्याचा तुकडा चघळायला द्यायची. वड्या गार झाल्यावर तिनं त्या एका फडक्यात बांधल्या आणि कनवटीला खोचल्या. "नाई मागितलं तं?" तिनं मला विचारलं. इतक्या दिवसांत तिनं मला सल्ला विचारावा असं हे पहिलंच. तिनंही दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि हे भिंतीपलीकडे कुणी ओळखत असेल का, असं माझ्या मनात आलं.

रविवारी सकाळी गाडी दारात लागली. सामान चढवण्याचे आवाज येत होते. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले होते आणि चहा गार झाला होता. मावशी न्हाऊन बाहेर आली. हातात डबा नव्हता, शेगडीकडे तिनं पाहिलंही नाही. रस्त्यावर उतरली, भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेली. तिला त्या बाजूला जाताना मी तोवर पाहिलं नव्हतं. लहानी दाराला कुलूप घालत होती. मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पोटावर धरले.

"पोट दुखून राह्यलं मायं," ती म्हणाली. "काई असन तं दे वं."

लहानीच्या हातात किल्ली तशीच राहिली. तिचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी दुसरीकडे पाहिलं. मावशीचं पोट खरंच दुखत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. उपाशी होती, दुखतही असेल.

"निळं बोचकं काढ," लहानी मुलाला म्हणाली.

तो म्हणाला, आई, ते सगळ्यात खाली आहे, सगळं काढावं लागेल, उशीर होईल. ती पुन्हा तेच म्हणाली. मग उशा निघाल्या, मिक्सर निघाला, पापडाचे डबे, गोधड्या, देवांची पेटी, सगळं भर रस्त्यात. खालचं निळं बोचकं सोडून तिनं त्यातून ओव्याची बरणी काढली. चिमूट तळहातावर घेतली, चोळली, फुंकर मारली. मी उठून उभी राहिले. हाताची ती फिरकी, ती फुंकर, मी रोज अंगणात पाहत होते तीच होती. दोघींनाही ते एकाच आईनं शिकवलेलं.

मावशीनं तोंड उघडलं आणि लहानीनं आपल्या हातानं ओवा तिच्या जिभेवर टाकला. "चावजो. गिळू नोको," असं बजावलं. वर पाणी दिलं ते मुलाच्या बाटलीतलं, गारढोण. ओव्यावर गार पाणी प्यायला मावशीनं कुणाला कधी परवानगी दिली नसती. ती ते सगळं प्यायली. आभार कुणी मानले नाहीत. दोघी उभ्या राहिल्या, आणि मुलगा एकेक वस्तू पुन्हा गाडीत रचत राहिला. मला रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही.

लहानी गाडीत बसली. दार लावून घेतलं, पदर सारखा केला, आणि समोर बघतच म्हणाली, "मलेबी काई दे, बाई. गाडी लागते मले."

मावशीनं कनवटीची पुरचुंडी काढून खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली. लहानीनं फडकं सोडलं, वास घेतला, पुन्हा बांधलं. बांधायला तिला बराच वेळ लागला.

"तवा तुया घुटीनं पोरगं झोपलं व्हतं," ती म्हणाली. "ओकून झालं अन् झोपलं. सकायपर्यंत उठलं नाई. मी सांगितलंच नाई तुले."

स्टिअरिंगवर बसलेल्या त्या पोराला आपल्याविषयी बोलणं चाललंय याचा पत्ताही नव्हता. तो आरसा पुसत होता.

"ठाऊक हाये मले," मावशी म्हणाली. "तुया दाराबाहीरच बसली व्हती मी. त्याचं रडणं थांबलं तवा उठली."

लहानीनं तोंडाला पदर लावला. गाडी सुरू झाली, हळूहळू पुढे सरकली, आणि मावशी खिडकीवर हात ठेवून तिच्याबरोबर चालत राहिली, वाशिम रस्ता लागेपर्यंत. तिथे तिनं हात काढला.

"काच लावून घे," ती म्हणाली. "वारं जाते पोटात."